वाचेचें स्थान व डाक्सचें हस्तलिखित

मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळीं कामें चालवितात, हें आतां सर्वमान्य आहे. ह्या सिद्धांताचा पाया वाचेच्या स्थाननिर्णयानें घातला गेला. परंतु वाचेचा मेंदूच्या डाव्या गोलार्धाशीं असलेला संबंध प्रथम कोणी ओळखला, हा प्रश्न शारीरशास्त्राइतकाच कागदपत्रांचाही आहे. म्हणून त्याचा येथें विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रचलित मत असें : सन १८६१ च्या एप्रिलांत पॅरिसजवळील बिसेत्र येथील रुग्णालयांत लबोर्न्य नांवाचा रोगी वारला. त्यास बोललेलें समजे, पण त्याच्या तोंडून 'तां' ह्या एका अक्षरावांचून बहुधा कांहीं निघत नसे. पॉल ब्रोकानें त्याचा मेंदू पाहिला, तों डाव्या बाजूच्या पुढील खंडांत विकृति आढळली. १८६३ पर्यंत अशीं आठ उदाहरणें जमलीं. आठांतही विकृति डावीकडेच होती. तरी निश्चित सिद्धांत त्यानें १८६५ च्या जूनमध्यें मांडला.

आतां दुसरा पक्ष. दक्षिण फ्रान्समधील सोम्येर गांवचा वैद्य मार्क डाक्स १८३७ सालीं वारला. त्याचा एक लेख मुलगा ग्युस्ताव्ह यानें १८६३ च्या मार्चमध्यें पॅरिसच्या विद्वत्सभेकडे धाडला व तो १८६५ च्या एप्रिलांत छापला गेला. तो १८३६ सालीं माँपेल्ये येथील परिषदेंत वाचल्याचें त्यावर नमूद आहे. तलवारीच्या घावानें शब्दांची स्मृति बिघडलेला एक घोडदळाचा अधिकारी डाक्सला १८०० सालीं भेटला. तेव्हांपासून जमविलेल्या उदाहरणांवरून डाव्या गोलार्धाचा सिद्धांत लेखांत स्पष्ट सांगितला आहे.

ब्रोकानें माँपेल्येच्या ग्रंथपालाकडे चौकशी केली. पण त्या वाचनाचा मागमूस लागला नाहीं. तेव्हां लेख मुलानेंच मागाहून रचला असावा, असा संशय सहज येतो. परंतु १८७९ सालीं माँपेल्येच्या वैद्यक विद्यालयाचे पूर्वीचे प्रमुख केझर्ग यांच्या घरच्या कागदांत त्याच लेखाची प्रत सापडली. डाक्स घराण्याबाहेरील दप्तरांतून निघालेली ही प्रत तो संशय दूर करते.

मात्र तिनें सिद्ध होतें तें लेखन, वाचन नव्हे. ह्या दोहोंची गल्लत करूं नये. शिवाय डाक्सचा आधार मुख्यतः रोगलक्षणांचा, तर ब्रोकाचा प्रत्यक्ष पाहिलेल्या मेंदूंचा. लबोर्न्यचा मेंदू ब्रोकानें न चिरतां जतन केला. त्यामुळें २००७ सालीं चुंबकीय प्रतिमांच्या साह्यानें तो पुन्हां तपासतां आला, आणि विकृति वरून दिसली त्याहून पुष्कळ खोल गेल्याचें कळलें. मूळ पुरावा राखला, म्हणूनच निर्णय सुधारतां आला.

आमच्या मतें प्रथम ओळखण्याचा मान डाक्सचा व सिद्धांत स्थापण्याचा ब्रोकाचा. छापला जाईपर्यंत डाक्सचा लेख पाव शतकाहून अधिक काळ घरांत पडून राहिला, व तेवढ्या काळांत शास्त्रास त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. ज्यांच्या संग्रहीं अप्रसिद्ध बाडें आहेत, त्यांनीं निदान त्यांची यादी तरी वेळीं छापावी.