जुनी शिडाची बोट घेताय? डोलकाठीत गुंडाळलेलं शीड आधी पूर्ण बाहेर काढून बघा

पिंपरी-चिंचवड आणि चाकणला समुद्र नाही, पण बेअरिंग आणि ॲल्युमिनियम कळणारी माणसं घरोघरी सापडतात. जुनी शिडाची बोट बघायला मुंबईला निघाला असाल, तर त्यातलाच एखादा मित्र सोबत न्या.

जुनी आहे म्हणून घाबरू नका. २०२२च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नियमानेच १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्या बोटी होत्या. अभिलाष टॉमी त्यातल्या रस्टलर ३६ बोटीने एप्रिल २०२३मध्ये दुसरे आले. प्रश्न वयाचा कमी आणि आतल्या यंत्रणेचा जास्त असतो.

साध्या बोटीवर दोर सैल केला की मुख्य शीड खाली येतं. लांबच्या सफरींसाठी बनवलेल्या बऱ्याच बोटींवर मात्र 'इन-मास्ट फर्लिंग' असतं. म्हणजे डोलकाठीच्या पोकळीत ॲल्युमिनियमची उभी दांडी फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं. दुकानाचं शटर आडवं गुंडाळतं, हे उभं, एवढाच फरक. बसल्या जागेवरून दोर ओढायचा, साठीतल्या जोडप्यालाही जमतं.

गोची अशी की हे शीड पूर्ण उघडलेलं असेल तरच खाली उतरवता येतं. अर्धवट गुंडाळून डोलकाठीच्या फटीत अडकलं, की आत जात नाही, बाहेर येत नाही आणि खालीही येत नाही. वारा वाढत असताना असं झालं, तर कुणालातरी वर चढावं लागतं किंवा शीड कापावं लागतं.

म्हणून धक्क्यावर, वारा नसताना दाखवलेल्या प्रात्यक्षिकावर समाधान मानू नका. ताशी २० किलोमीटरच्या आसपास वारा असताना बोट बाहेर न्या आणि शीड तीन-चार वेळा स्वतः उघडा, मिटा. विंचवरही जोर करावा लागत असेल तर थांबा, नाहीतर आतलं काहीतरी तुटेल.

अडकण्याचं कारण पुष्कळदा शीडच असतं. जुनं कापड ताणून त्याला पोट सुटतं, गुंडाळी जाड होते आणि फटीत मावत नाही. तेव्हा नव्या शिडाने भागेल का, हे आधी सेलमेकरला विचारा. (मिटताना बाहेरच्या दोरावर थोडा ताण ठेवला नाही तरी अडकतं. तो दोष चालवणाऱ्याचा.)

आता मित्राचं काम. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि वर खारं पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जाणार. स्क्रूभोवती पांढरी भुकटी किंवा रंगाला फोड दिसतात का बघा. शीड काढून नुसती दांडी हाताने फिरवा, खरखर लगेच कळते. डोलकाठीला खालून डोळा लावा. ती वाकली असेल तर दांडी आत घासते. वरचं बेअरिंग खालून दिसत नाही, त्यासाठी रिगरला वर चढवावंच लागतं.

सौद्याआधी मॉडेलचं नाव लिहून घ्या आणि सुटे भाग अजून मिळतात का ते विचारा. मिळत नसतील, तर साधं बुश भोसरीतला टर्नरही करून देईल. पण त्या खास आकाराच्या दांडीला डाय लागते आणि एका नगासाठी डाय कुणालाच परवडत नाही.