यजितखत नसलेली चावडी

आमच्या गावाजवळच्या महादेवाच्या देवळात, नंदीमागच्या खांबावर चार ओळींचा शिलालेख आहे. एका जुन्या छापील पुस्तकात त्याचा शक १६२१ असा दिलेला आहे. मी तो दगड तीन वेळा धुऊन, अंधारात बाजूने बॅटरीचा उजेड टाकून वाचला. कागदावर ठसाही घेतला. तिथे १६५१ आहे. जुन्या वळणाचा ५, वरचा भाग झिजलेला, म्हणून घाईत २ वाटतो. शिवाय लेखात संवत्सराचे नाव ‘सौम्य’ असे स्पष्ट कोरलेले आहे. शके १६५१ ला सौम्य संवत्सर येते, १६२१ ला प्रमाथी. पंचांग हाताळणारा कोणीही हे पाच मिनिटांत ताडून पाहील.

माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. शिक्षण बारावीपर्यंत. मोडी शिकलो ती दुकान बंद झाल्यावर, एका निवृत्त गुरुजींच्या ओटीवर बसून. परिसंवादाला गेलो की पहिला प्रश्न येतो, ‘आपण कोणत्या विद्यापीठाचे?’ म्हणून इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात कोणीही लिहू शकते, कोणी पदवी विचारत नाही, हे कळले तेव्हा मला घर सापडल्यासारखे वाटले. त्या देवळावरच्या लेखात जाऊन मी १६२१ खोडले आणि १६५१ केले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो पुन्हा १६२१. शेजारी शेरा : ‘संदर्भ नाही. मूळ संशोधन चालत नाही.’ मी पुन्हा बदलले. त्याने पुन्हा उलटवले. दुपारपर्यंत आम्ही दोघे अनोळखी माणसे एका आकड्यासाठी विहिरीच्या रहाटासारखे वरखाली करत होतो.

राग शांत करायला मला जुने तंटे वाचायची सवय आहे. वतनाच्या भांडणांचे कागद मी वीस वर्षे वाचतो आहे. तेव्हा या नव्या वतनावरची भांडणे कशी मिटतात ते पाहू, असे म्हणून शोध सुरू केला आणि दोन पावसाळे त्यातच गेले.

आधी थोडी पूर्वपीठिका. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर हे त्याचे कर्ते. त्याआधी वर्षभर त्यांनी ‘न्यूपीडिया’ नावाचा ज्ञानकोश काढून पाहिला होता. त्यात विद्वानांनी लिहायचे आणि लेख सात पायऱ्यांच्या तपासणीतून जायचा. तो कोश २००३ मध्ये बंद पडला तेव्हा पुरे झालेले लेख दोन डझनांच्या आसपास होते. सात चाळण्या लावल्या की दाणे किती उरणार! मग वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये तयार केलेले, कोणालाही पान बदलू देणारे तंत्र घेतले गेले. त्याचे ‘विकी’ हे नाव होनोलुलूच्या विमानतळावरील बसचे. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट. लेख झटपट वाढले आणि भांडणेही.

या भांडणांत मला सर्वांत शिकवून गेले ते एका शहराच्या नावाचे भांडण. बाल्टिक समुद्रावरचे पोलंडचे बंदर ग्दान्स्क. जर्मन लोक त्याला डॅन्झिग म्हणतात. दुसरे महायुद्ध शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला डॅन्झिग ठाऊक असते, आणि १९८० च्या गोदी कामगारांच्या संपाच्या बातम्या वाचलेल्यांना ग्दान्स्क. शहर एकच. १३०८ मध्ये ते ट्यूटॉनिक सरदारांनी घेतले. १४५४ मध्ये शहराने त्यांच्याविरुद्ध उठून पोलंडच्या राजाचे छत्र पत्करले, तरी बोली आणि व्यापार बहुतांशी जर्मनच राहिला. १७९३ मध्ये प्रशियाने घेतले. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली ते ‘मुक्त नगर’ झाले. १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे जर्मन युद्धनौकेने तोफा डागल्या त्या याच बंदराच्या तोंडाशी, वेस्टरप्लाटेवर. १९४५ नंतर शहर पोलंडकडे गेले आणि तिथल्या जर्मन रहिवाशांना घरेदारे सोडून जावे लागले. तापमापकाचा फॅरनहाइट इथला, तत्त्वज्ञ शोपेनहावर इथला, कादंबरीकार ग्युंटर ग्रास इथलाच. ते जन्मले कुठे म्हणायचे? ग्दान्स्कला की डॅन्झिगला?

इंग्रजी विकिपीडियावर यावरून वर्षानुवर्षे रण माजले. एकाने डॅन्झिग लिहावे, दुसऱ्याने ग्दान्स्क करावे, आणि ते एका पानापुरते नव्हे. त्या शहराचा उल्लेख असलेल्या प्रत्येक चरित्रात, प्रत्येक लढाईत, प्रत्येक नकाशाखाली. दुरून पाहणाऱ्याला हसू येते. विकिपीडियाने स्वतःच आपल्या अत्यंत क्षुल्लक भांडणांची एक विनोदी यादी ठेवली आहे, त्यात हेही आहे. त्याच यादीत दह्याच्या इंग्रजी स्पेलिंगचा वादही आहे. त्यात एक ‘एच’ असावा की नसावा यावर २००३ ते २०११ अशी आठ वर्षे खल झाला. पण दही वेगळे आणि डॅन्झिग वेगळे. बेळगाव आमच्यापासून दीड तासावर आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी पाटीवर ‘बेळगावी’ झाले तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे मी पाहिलेले आहेत. नावाचा एक ‘ई’ किती जड असतो ते सीमाभागात राहणाऱ्याला कोणी समजावून सांगायला नको.

शेवटी २००५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कौल घेण्यात आला. ‘हे शहर कोणाचे?’ असा प्रश्न त्यात ठेवलाच नाही, हे मला फार आवडले. काळाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यावर वेगळे मत मागितले. निकाल असा लागला : १३०८ पूर्वीच्या काळाबद्दल लिहिताना ग्दान्स्क, १३०८ ते १९४५ डॅन्झिग, १९४५ नंतर पुन्हा ग्दान्स्क. मनुष्य निःसंशय जर्मन असेल तर चरित्रात प्रथम डॅन्झिग लिहून कंसात ग्दान्स्क, पोलिश असेल तर उलट. दोन्ही इतिहास असलेल्या इतर गावांच्या पहिल्या उल्लेखात दुसरे नावही द्यायचे. आणि कौलाप्रमाणे फक्त नाव दुरुस्त करणाऱ्याला ‘तीन वेळां’चा नियम लागू होणार नाही.

हा तीन वेळांचा नियम २००४ च्या अखेरीस आला. चोवीस तासांत एकाच पानावर दुसऱ्याचे लेखन तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचे नाही. उलटवलेत तर काही काळ लिहिण्याची बंदी. तुम्ही बरोबर होता की चूक, हे कोणी विचारत नाही. त्याच सुमारास तिथे लवाद समितीही उभी राहिली. तिची घोषणा वेल्स यांनी २००३ च्या डिसेंबरात केली. मला वाटले होते, ही समिती म्हणजे न्यायाधीश, शक १६२१ की १६५१ ते सांगतील. तसे नाही. ही समिती मजकुराचा निवाडा करतच नाही, फक्त माणसांच्या वागणुकीचा करते. कोणी शिवीगाळ केली, कोणी खोट्या नावांनी चार खाती काढून स्वतःलाच पाठिंबा दिला, एवढेच ती पाहते. मजकुराचे काय ते भांडणाऱ्यांनीच चर्चा पानावर बसून, संदर्भ समोर ठेवून, सहमतीने ठरवायचे. कौल हा शेवटचा उपाय. मतदानाने सत्य ठरत नाही, हे तिथल्या नियमांत सतत बजावलेले असते.

इथे मला माझी गोतसभा आठवली. पाटीलकीचा तंटा उभा राहिला की दोन्ही पक्ष आधी राजीनामा लिहून देत, म्हणजे निकाल मान्य करू अशी कबुली. मग आपापली तकरीर, करीना, जामीन. गोही बोलावले जात. गोत आणि दिवाण एकत्र बसून महजर होई, आणि त्यावर ज्याची त्याची निशाणी पडे. कुणब्याचा नांगर, सुताराचा वाकस. हरलेला यजितखत लिहून देई : मी खोटा पडलो, पुन्हा या वतनाशी माझा संबंध नाही. हा शेवटचा कागद वाचताना माझा हात नेहमी थांबतो. माणसाच्या हातून त्याच्याच तोंडचे खोटेपण लिहून घ्यायचे! म्हणूनच हरलेले घराणे दोन पिढ्यांनी ‘थळ पक्षपाती होते’ म्हणून दुसऱ्या थळी, प्रसंगी पैठणपर्यंत जाई आणि तंटा पुन्हा पेटे.

ग्दान्स्कच्या तंट्यात यजितखत कोणीच लिहिले नाही. जर्मन बाजूला सहाशे वर्षे मिळाली, पोलिश बाजूला सुरुवात आणि शेवट. कोणालाही ‘मी खोटा’ म्हणावे लागले नाही. कुरबुरी पुढेही चालू राहिल्या, पण एकेका पानाला आग लावत जाणारे ते रण थांबले. दारिउश येमिएल्न्याक या पोलिश प्राध्यापकाने, जो स्वतः विकिपीडियाचा जुना कार्यकर्ता आहे, आपल्या २०१४ च्या पुस्तकात या वादाचे सविस्तर विश्लेषण केले आहे.

आपल्याकडचा असाच एक निकाल आहे. इंग्रजी विकिपीडियावर भारतातल्या गावांच्या, माणसांच्या नावापुढे कोणत्या लिपीत नाव द्यायचे यावरून कायमच्या चकमकी होत. कन्नड आधी की देवनागरी, उर्दू का नाही. २०१२ मध्ये ठरले की सुरुवातीच्या ओळीत कोणतीच भारतीय लिपी नको. भावांनी वाटणीत भांडावे आणि पंचांनी आंब्याचे झाडच तोडावे, तसा हा प्रकार. शांतता झाली खरी, पण मला तो निकाल अजून पटलेला नाही.

पदवीची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण मला ती आतून लागते. ‘एस्जे’ या टोपणनावाने वावरणारे एक गृहस्थ विकिपीडियावर तंटे मिटवण्यात अग्रेसर होते. आपण धर्मशास्त्राचे प्राध्यापक, डॉक्टरेट मिळवलेले, असे ते सांगत आणि वादात त्याचा दाखलाही देत. ‘न्यूयॉर्कर’ने २००६ च्या जुलैत त्यांचा तसाच उल्लेख छापला. २००७ मध्ये उघड झाले की ते चोवीस वर्षांचे तरुण असून त्यांच्याकडे कोणतीही उच्च पदवी नव्हती. तोवर ते लवाद समितीवरही जाऊन बसले होते. त्यांना पायउतार व्हावे लागले. त्यानंतर पदव्या तपासाव्यात अशी सूचना पुढे आली, पण समाजाने ती स्वीकारली नाही. पदवी खरी असली तरी तिच्यामुळे विधान खरे ठरत नाही, पुरावा दाखवा, हीच भूमिका कायम राहिली. मला आनंद व्हायला हवा होता. पण याच तर्काने माझा दगडही बाहेर राहिला होता. पदवीवाल्याचा शब्द नको, तसा दुकानदाराचाही नको. छापलेले आणा.

मराठीत ज्ञानकोशाची परंपरा या आधीची आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश लोकांकडून भागभांडवल गोळा करून काढला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईहून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. या कोशांच्या कचेऱ्यांतही मतभेद झाले असणारच. कोणत्या नोंदीवर कोण अडून बसले, कोणते वाक्य कोणी कापले? खंड उघडले तर पान कसे शांत, धुतलेले. विकिपीडियावर मात्र प्रत्येक पानामागे ‘इतिहास’ असतो. कोणी, कोणत्या मिनिटाला, काय खोडले ते सगळे राहते. जेम्स ब्रायडल या इंग्रज कलावंताने २०१० मध्ये इराक युद्धावरच्या एकाच लेखाचे २००४ च्या डिसेंबरापासून २००९ च्या नोव्हेंबरापर्यंतचे बारा हजार बदल छापून बांधले, तर त्याचे बारा खंड आणि जवळजवळ सात हजार पाने भरली. कागद चाळणाऱ्या माणसाला हे दफ्तर पाहून काय वाटले असेल ते सांगायला नको. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने तर चर्चेच्या जागेला ‘चावडी’ आणि सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ अशी आपल्या मातीतली नावे दिली आहेत. नावे ठेवणाऱ्याला माझा नमस्कार.

तर माझा आकडा. मी चर्चा पानावर ठशाचा फोटो टाकला आणि संवत्सराचे गणित मांडले. समोरचा संपादक सभ्य निघाला. त्याने लिहिले, ‘साहेब, आपण बरोबर असालही. पण आपल्या शब्दावर मी कसे लिहू?’ मी लिहिले, ‘माझ्या नको, दगडाच्या शब्दावर लिहा.’ त्याचे उत्तर आले, ‘दगड मला इथून वाचता येत नाही.’ त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मीही आयुष्यभर लोकांना हेच विचारत आलो होतो : अस्सल कागद दाखवा, ऐकीव नको.

मग मी चार पानी टिपण लिहून एका इतिहास मंडळाच्या त्रैमासिकाकडे पाठवले. ते छापून यायला चौदा महिने लागले. छापलेले हातात आले तरी ते स्वतःच ज्ञानकोशात घालणे मला प्रशस्त वाटेना. स्वतःचाच गोही स्वतः कसे व्हायचे? चर्चा पानावर फक्त अंक आणि पान कळवले. आठवड्याने पाहिले तर त्याच संपादकाने लेखात दोन्ही शक घातले होते. आधी १६२१, जुन्या पुस्तकाच्या नावाने. मग, ‘दुसऱ्या वाचनानुसार १६५१, संवत्सर सौम्य’. चुकीचा आकडा आधी आणि बरोबर नंतर, हे मला खुपले. दोन दिवस बोटे शिवशिवत होती. उलटवले नाही.

गेल्या वर्षी देवळाचा जीर्णोद्धार झाला. गावकऱ्यांनी हौसेने खांबांना चॉकलेटी ऑइलपेंट दिला, एकावर एक दोन हात. आता बॅटरी लावली तरी अक्षर दिसत नाही. रंग काढायची परवानगी मागणारा अर्ज मी देवस्थानच्या पंचांना दिला आहे, त्यावर अजून बैठक झालेली नाही. चर्चा पानावर परवा एका नव्या सदस्याने फोटोखाली विचारले आहे, ‘दुसरा अंक ६ आहे की ९? मला नीट लागत नाही.’ त्याच्यासाठी मी तो जुना ठसा आज पुन्हा दुकानातल्या दिव्याखाली धरून, जास्त जवळून, फोटो काढला आहे.