तबकडीची लिपि आणि तिचा वाचक

मोडी कागद ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळलेला नसतो. लिहिणारानें तो गाळलेला असतो; वाचणारानें तो आपल्या ज्ञानानें भरून काढावयाचा असतो. ग्रामोफोनच्या तबकडीविषयीं मात्र आमची समजूत अशी होती कीं, तेथें गायकाचा आवाज जसाच्या तसा बंदिस्त आहे. सुई टेकवावी आणि ऐकावा. ही समजूत किती भाबडी होती हें आम्हांस एका लहानशा यंत्रानें शिकविलें. परंतु तें शिकण्यापूर्वीं आमच्या हातून एक अन्याय घडून गेला होता.

तें यंत्र म्हणजे फोनो प्रीॲम्प्लिफायर. कार्ट्रिजमधून निघणारा विद्युत्-संदेश कांहीं सहस्रांश व्होल्टांचाच असतो. तो शंभरपट वाढवून मुख्य ॲम्प्लिफायरच्या हवालीं करणें, हें त्याचें सर्वांस माहीत असलेलें काम. आम्हीं तें घरीं आणलें आणि १९३० नंतरच्या दशकांतील नाट्यपदांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, त्यांस लागणारी जाड सुई लावून, त्यावरून ऐकल्या. आवाज भरदार पण दबलेला. स, श, च हीं व्यंजनें पुसट. यावरून आम्हीं वर्गांत विद्यार्थ्यांस निःशंकपणें सांगितलें कीं, त्या पिढीचे गायक सुरासाठीं शब्दाचा बळी देत असत. एका जुन्या श्रोत्यानें मात्र आम्हांस विचारलें, ‘आपण गायक ऐकलात, कीं यंत्र?’ या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तबकडीच्या इतिहासांत शोधावें लागलें.

१९२५ पूर्वीं कर्ण्यापुढें गाऊन ध्वनीच्या जोरावरच सुई हलवीत. १९२५ सालीं अमेरिकेंत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीनें विद्युत्-मुद्रण सुरू झालें, आणि मायक्रोफोननें टिपलेला खर्ज प्रथमच तबकडीवर मोठ्या प्रमाणांत उतरूं लागला. त्याबरोबर एक अडचणहि आली. सुईची गति कायम ठेवली तर स्वर एक सप्तक खालीं उतरतांच चराचें आंदोलन दुप्पट रुंद होतें. खर्ज जसाच्या तसा कोरला तर एक चर शेजारच्या चरांत घुसेल. म्हणून कोरतांना खर्ज कमी करावयाचा, वाजवितांना तितकाच वाढवावयाचा, असा संकेत पडला. उलट, तीव्र स्वर कोरतांना वाढविले आणि वाजवितांना कमी केले, तर त्यांबरोबर तबकडीची खरखरहि दबते. सारांश, कोरणारा मुद्दाम कांहीं गाळतो व कांहीं वाढवितो, आणि वाचणारानें तें उलट फिरवून मूळ पाठ सिद्ध करावा अशी अपेक्षा ठेवतो.

पण किती गाळावें आणि किती वाढवावें? या बाबतींत कंपन्यांचें एकमत नव्हतें. जून १९४८ मध्यें कोलंबियानें ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी बाजारांत आणली. जेथें पूर्वीं दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपे, तेथें आतां वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. परंतु कोलंबियाचा संकेत निराळा, आर. सी. ए. व्हिक्टरचा निराळा, डेक्काचा निराळा. त्या काळच्या चांगल्या प्रीॲम्प्लिफायरवर म्हणूनच खर्ज व तीव्र स्वर यांसाठीं वेगवेगळे खटके असत. अखेर १९५४ सालीं, आर. सी. ए. व्हिक्टरच्या वक्ररेषेस अनुसरून, अमेरिकेंतील मुद्रण-व्यावसायिकांच्या संघानें एक संकेत ठरविला. हाच आर. आय. ए. ए. संकेत होय. त्याप्रमाणें वाजवितांना १००० कंपनांच्या स्वराच्या मानानें २० कंपनांचा स्वर नऊ पटींहून अधिक उचलला जातो, आणि १०,००० कंपनांचा स्वर सुमारें एक पंचमांश उरतो.

आतां आमची चूक उघड होते. आमच्या यंत्रास हा एकच संकेत येत होता. आमच्या तबकड्या मात्र तो ठरण्याच्या वीस वर्षें आधींच्या. त्यांत तीव्र स्वर मुद्दाम वाढविलेले नव्हते आणि खर्जाच्या कपातीची सीमाहि निराळी होती. जें वाढविलेंच नव्हतें तें आमच्या यंत्रानें इमानेंइतबारें कापून टाकलें आणि गायकांची व्यंजनें त्यांत गेलीं. पुढें संकेत बदलतां येणाऱ्या यंत्रावर त्याच तबकड्या ऐकल्या, तेव्हां खरखर वाढली हें खरें. पण तिच्यामागून शब्द स्वच्छ उमटले. पुढच्या तासाला आम्हीं वर्गांत आमचें विधान परत घेतलें.

तेव्हां प्रीॲम्प्लिफायरची परीक्षा कशी करावी? आवाज ‘गोड’ लागतो किंवा नाहीं, ही कसोटी फसवी आहे. चुकीचा पाठहि गोड असूं शकतो. प्रथम पाहावें तें संकेताचें काटेकोरपण. १९५४ नंतर पाव शतक लोटल्यावरहि, १९७९ सालीं स्टॅन्ली लिपशिट्झ यांस या संकेताच्या मंडलांतील प्रचलित चुका दाखवून त्यांचीं अचूक सूत्रें मांडावीं लागलीं. दुसरें, सुई उचललेली असतां यंत्राची गुणगुण किती. तिसरें, मोठ्या आवाजाच्या जागीं यंत्र फाटतें कीं सांवरतें. आणि जुन्या तबकड्यांच्या संग्राहकास चौथें व अत्यावश्यक: संकेत बदलण्याची सोय. जुन्या गाण्यांच्या पुनर्मुद्रित दीर्घ तबकड्यांस आर. आय. ए. ए. संकेत चालतो, पण तेथें मूळ तबकडीचा पाठ कोणी तरी आपल्याआधींच लावलेला असतो, हें विसरूं नये. मोडी कागदाच्या छापील बालबोध प्रतीसारखेंच तें आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास साधनाची पारख नवी नाहीं. कागद बनावट कीं अस्सल हें आपण पाहतों, लेखकाचा हेतु तपासतों. परंतु कानानें ऐकलेल्या पुराव्यापुढें आपण सहज मान तुकवितों. कारण आवाज प्रत्यक्ष समोर येतो असा भास होतो. वस्तुतः तेथेंहि मध्यें एक वाचक बसलेला असतो. तो कोणत्या शाळेंत शिकला हें विचारल्याखेरीज, जे उत्तर देण्यास आज हयात नाहींत त्यांच्या गाण्यावर निवाडा देण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं.