पंडितेची साधी प्रार्थना

नमाज झाल्यावर माझी आजी हात पसरून घरच्याच बोलीत दुआ मागायची. पंडिता रमाबाईंविषयी वाचताना मला ती हमखास आठवते.

रमाबाईंना संस्कृत ग्रंथ मुखोद्गत होते. १८७४च्या सुमारास दुष्काळात फिरता फिरता त्यांचे आईवडील गेले. पुढे १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, ते अमेरिकेतल्या हितचिंतकांच्या दहा वर्षांच्या मदतीवर.

१८९६-९७चा दुष्काळ पडला, तेव्हा ती मुदत संपत आली होती. एखादा हिशेबी माणूस गप्प बसला असता. बाई मात्र मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. भूक काय असते, हे त्यांना ठाऊक होते. खर्चाचा भार त्यांनी प्रार्थनेवर सोपवला. पण म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना विणकाम आणि छपाई शिकवली. त्यांचा भरवसा असा कष्टाळू होता.

उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. शब्द मात्र निवडले ते जेमतेम अक्षरओळख असलेल्या बायकांना कळतील असे. १९२२मध्ये, अखेरच्या दिवसांपर्यंत, हे काम चालू होते.

देवाशी बोलायला पांडित्य लागत नाही, हे एका पंडितेनेच दाखवून दिले. माझ्या आजीला ते न शिकताच कळले होते.