पडद्याचं चित्र जातं कुठे?

१९८१च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला. त्याच्या ८३ कळांच्या कीबोर्डवर ‘प्रिंट स्क्रीन’ला स्वतंत्र कळही मिळाली नव्हती. चांदणीच्या चिन्हाबरोबर एकाच कळेवर तिला दाटीवाटीने बसवलं होतं. पण शिफ्ट धरून ती दाबली की प्रिंटर करकरायला लागायचा. आतला प्रकार साधा होता. पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे २,००० जागा. संगणकातच कायम बसवलेल्या बायॉसमधला एक छोटा प्रोग्राम कर्सर एकेका जागी न्यायचा, तिथलं अक्षर वाचायचा आणि प्रिंटरला द्यायचा. चित्र असं काही निघतच नव्हतं. पडद्यावर आलेख असला तर हा प्रोग्राम हात टेकायचा. मग डॉसमधला ‘ग्राफिक्स’ नावाचा दुसरा प्रोग्राम आधी चालवून ठेवावा लागायचा.

या कळेचा एक किस्सा मला फार आवडतो. ८०८६ प्रोसेसर करताना इंटेलने पहिले ३२ इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवून दुसरीकडे वळवणाऱ्या हाका, पुढच्या गरजांसाठी राखून ठेवले होते. आयबीएमने त्याकडे सरळ काणाडोळा केला आणि पाच नंबरचा इंटरप्ट प्रिंट स्क्रीनला देऊन टाकला. पुढे ८०२८६ प्रोसेसरमध्ये इंटेलने तोच नंबर एका तपासणीसाठी वापरला. यादीच्या हद्दीबाहेरची जागा कुणी मागितली, तर पाच नंबरला हाक जायची. त्यामुळे १९८४च्या पीसी-एटीवर एखाद्या प्रोग्रामकडून नेमकी अशी चूक झाली, तर चुकीची सूचना येण्याऐवजी पडदा छापायला सुरुवात होऊ शकायची. दोन मोठ्या कंपन्यांच्या या हद्दीच्या भांडणात कागद मात्र गिऱ्हाइकाचा जायचा.

कागदाच्या आधीची पिढी फिल्मची. १९५०च्या दशकात एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकाच्या पडद्यासमोर कॅमेरा लावलेला असे, आणि फिल्म पुढे सरकवायचा हुकूम खुद्द प्रोग्रामच देऊ शकत असे. प्रयोगशाळांत ऑसिलोस्कोपच्या तोंडाला पोलरॉइड कॅमेरा बसवण्याची रीत होतीच. संगणकाच्या पडद्याला लोकांनी तीच लावली. १९६३ साली आयव्हन सदरलंडने पडद्यावर रेखाटन करायचा ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम दाखवला, तो जगाला कळला पडद्याच्या अशा फोटोंमधूनही.

मग हे फोटो दिवाणखान्यात आले. १९८२ साली ॲक्टिव्हिजनचा ‘पिटफॉल’ हा व्हिडिओ गेम आला. त्यात २०,००० गुण मिळवून टीव्हीच्या पडद्याचा फोटो कंपनीला पाठवला, की शर्टावर शिवायचा बिल्ला घरपोच यायचा. खोली अंधारी करायची, फ्लॅश बंद ठेवायचा, हात हलू द्यायचा नाही. ‘मी हे केलं, हा घ्या पुरावा’ असं म्हणायला पडद्याचं चित्र वापरण्याची सवय सर्वसामान्य माणसाला इथे लागली असावी, असं मला वाटतं.

फोटो जायचा अल्बममध्ये किंवा टपालात, छापील कागद जायचा फायलीत. पडद्याचं चित्र संगणकातच ठेवण्याची चांगली सोय १९८४च्या मॅकिन्टॉशने दिली. कमांड, शिफ्ट आणि ३ या तीन कळा एकदम दाबल्या की ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा तो काळा-पांढरा पडदा मॅकपेंटची फाईल होऊन डिस्कवर बसायचा. फायलींची नावं ‘स्क्रीन ०’पासून ‘स्क्रीन ९’पर्यंत. दहाच्या पुढे सोय नव्हती. ४०० केबीच्या फ्लॉपीच्या काळात दहा चित्रंही पुष्कळ झाली. आज माझ्यासारख्या साठवणखोरांना अशीच एखादी मर्यादा हवी, असं कधीकधी वाटतं.

मायक्रोसॉफ्टने निराळी वाट धरली. विंडोजमध्ये प्रिंट स्क्रीन दाबल्यावर चित्र क्लिपबोर्डवर जायचं. ना आवाज, ना खूण. नवशिक्याला वाटायचं कळ बिघडली आहे, म्हणून तो ती पुन्हापुन्हा दाबायचा. कुणीतरी जाणकार मग ‘पेंट उघड आणि पेस्ट कर’ हे गुपित सांगायचा. क्लिपबोर्ड एका वेळी एकच गोष्ट धरायचा. मधेच एखादा शब्द कॉपी केला की चित्र गेलं. पेंटमध्ये जतन केलं तरी सुटका नसे. १०२४ गुणिले ७६८च्या पडद्याची २४ बिटची बीएमपी फाईल सव्वादोन एमबी भरते, आणि फ्लॉपीवर मावायचे १.४४ एमबी. म्हणून कचेऱ्यांत चित्र वर्डमध्ये चिकटवून पाठवण्याची पद्धत पडली आणि काही ठिकाणी ती अजून सुटलेली नाही. मराठीला मात्र याच चित्राने हात दिला. युनिकोड रुळण्याआधी समोरच्याकडे तोच फॉन्ट नसला तर आपल्या मजकुराची चिन्हांची खिचडी व्हायची. मग पडद्याचं चित्र पाठवलं की निदान वाचता तरी यायचं.

लॅपटॉप आले आणि या कळेचे हाल सुरू झाले. कुठे ती एफएन दाबल्याशिवाय चालेना, कुठे उजव्या ऑल्टच्या शेजारी जाऊन बसली आणि लिहिता लिहिता चुकून दाबली जाऊ लागली. हवा तेवढाच तुकडा कापून घेणारं स्निपिंग टूल २००७ साली विंडोज व्हिस्टातून अनेकांकडे पोचलं. २०१२ साली विंडोज ८ने विंडोजची कळ आणि प्रिंट स्क्रीन या जोडीला थेट फाईल करायला शिकवलं, आणि तिच्यासाठी पिक्चर्समध्ये ‘स्क्रीनशॉट्स’ नावाचा फोल्डरही उघडून दिला. मॅकवर चित्रं डेस्कटॉपवरच पडत राहिली. २००९पासून फाईलच्या नावात तारीख-वेळ येऊ लागली खरी, पण आत तिकीट आहे, पावती आहे की कुणाशी झालेलं भांडण, हे तारखेवरून कळत नाही. २०१८च्या मोहावेमध्ये ॲपलने कमांड-शिफ्ट-५ दिलं, ज्यात चित्र कुठे ठेवायचं ते निवडता येतं. त्याच आवृत्तीत डेस्कटॉपवरच्या फायलींचे आपोआप गठ्ठे करायची सोयही आली. ही काही शोभेची सोय नव्हती. डेस्कटॉप खरंच भरले होते.

कापून टाकलेला तुकडा तरी जातो का? २०२३च्या मार्चमध्ये सायमन ॲरन्स आणि डेव्हिड ब्यूकॅनन यांनी दाखवून दिलं की गूगलच्या पिक्सेल फोनवर कापलेल्या स्क्रीनशॉटचा टाकून दिलेला भाग बऱ्याचदा फाईलच्या शेपटीत शिल्लक राहतो आणि काही अंशी परत मिळवता येतो. कापलेलं लहान चित्र जुन्या मोठ्या फाईलवर लिहिलं जायचं, पण उरलेली शेपटी छाटलीच जात नव्हती. काही दिवसांतच विंडोज ११च्या स्निपिंग टूलमध्येही तोच दोष सापडला. दोन्हीकडे दुरुस्ती झाली, मात्र आधी पाठवून झालेली चित्रं परत कशी बोलवायची? खाते क्रमांक झाकण्यासाठी चित्र कापणाऱ्यांनी याची धास्ती घ्यावी, हे रास्तच होतं.

पुराव्याचं म्हणाल, तर आपल्या न्यायालयांना नुसतं चित्र पुरत नाही. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात प्रश्न व्हिडिओ चित्रणाचा होता. मूळ उपकरण हजर केलेलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्राची जोड हवीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्यात स्पष्ट केलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३मध्येही प्रमाणपत्राची अट आहे, आणि त्याच्या नमुन्यात फाईलचं हॅश मूल्यही, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडाही, लिहावं लागतं. व्हॉट्सॲपवर ‘स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे’ म्हणून दम देणाऱ्यांच्या हे गावीही नसतं.

मे २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ची घोषणा केली. यात कळच लागत नाही. दर काही सेकंदांनी लॅपटॉप स्वतःच पडद्याचं चित्र काढून ठेवतो आणि नंतर त्यात शोध घेता येतो. सुरुवातीच्या आवृत्तीत चित्रांतून वाचलेला मजकूर एका साध्या डेटाबेसमध्ये उघडाच पडलेला आहे, हे तज्ज्ञांनी दाखवल्यावर कंपनीला माघार घ्यावी लागली. एप्रिल २०२५मध्ये रिकॉल परत आलं ते साठा कुलूपबंद करून आणि वापरणाऱ्याने होकार दिला तरच सुरू होईल अशा अटीवर. पुढच्याच महिन्यात सिग्नल या मेसेजिंग सेवेने विंडोज ११वरच्या आपल्या ॲपसाठी चित्रपटांच्या चोरीविरुद्ध वापरली जाणारी युक्ती काढली, आणि रिकॉलच्या चित्रात सिग्नलची खिडकी काळी दिसू लागली. प्रिंट स्क्रीन दाबणाऱ्या खुद्द मालकालाही तिथे काळा चौकोनच मिळतो. तो नको असेल तर सिग्नलच्या सेटिंगमध्ये जाऊन ही सुरक्षा बंद करता येते, मात्र तसं करताना ॲप आधी इशारा देतं.