बेसबॉल : नियमांचा पेच आणि पंचांचा कौल

बेसबॉलची नियमावली बारकाव्यांनी भरलेली आहे. तरीही मैदानावर कधी कधी असा प्रसंग उद्भवतो, की एक कलम एक सांगते आणि दुसरे वेगळेच सुचवते. अशा वेळी पंचांनी काय करावे, या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर अमेरिकेत १९८३ साली मिळाले.

बॅटवरील डांबर

२४ जुलै १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये यांकीज संघ कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध ४-३ असा आघाडीवर होता. नवव्या डावात रॉयल्सचे दोन गडी बाद झालेले असताना जॉर्ज ब्रेटने गूस गॉसेजच्या चेंडूवर दोन धावांचा होमरन फटकावला आणि रॉयल्सने ५-४ अशी आघाडी घेतली. मात्र यांकीजचे व्यवस्थापक बिली मार्टिन यांनी ब्रेटच्या बॅटवर आक्षेप घेतला.

पकड घट्ट राहावी म्हणून बॅटच्या मुठीला 'पाइन टार' हे चिकट डांबर लावतात. ते १८ इंचांपलीकडे जाऊ नये, असा नियम होता. मुख्य पंच टिम मॅक्लेलंड यांनी १७ इंच रुंदीच्या होमप्लेटवर बॅट आडवी ठेवून माप घेतले. डांबर मर्यादेच्या बरेच पुढे गेले होते. त्यांनी ब्रेटला बाद ठरवताच तो संतापाने पंचांच्या अंगावर धावून गेला. यांकीज ४-३ असे विजयी घोषित झाले.

अक्षर आणि हेतू

पेच नेमका येथेच होता. मर्यादेबाहेर डांबर असलेली बॅट सामन्यातून काढून टाकावी, एवढेच एक कलम सांगत होते. नियमबाह्य बॅटने चेंडू मारणारा फलंदाज बाद, असे दुसऱ्या कलमांवरून निघत होते. पंचांनी ही कलमे एकत्र वाचली.

रॉयल्सने दाद मागितली. अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी पंचांचा अर्थ तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय मानला. परंतु तो नियमाच्या हेतूशी सुसंगत नसल्याचा निर्वाळा दिला. डांबरामुळे चेंडू दूर जात नाही, तो केवळ खराब होतो. त्यामुळे होमरन ग्राह्य धरण्यात आला. १८ ऑगस्टला खेळ तेथूनच पुढे सुरू झाला. ब्रेटने सर्व बेसना स्पर्श केला नव्हता, असा नवा आक्षेप मार्टिन यांनी घेतला. तेव्हा पंच डेव्ह फिलिप्स यांनी मूळ सामन्यातील पंचांचे सहीचे प्रतिज्ञापत्रच पुढे केले. रॉयल्स ५-४ असे जिंकले. आक्षेप आधी घेतला नसेल तर अशा बॅटमुळे झालेला खेळ रद्द होत नाही, असा खुलासा पुढे नियमावलीत करण्यात आला.

मत की नियम?

पंचांचा प्रत्येक निर्णय मात्र असा फिरवता येत नाही. चेंडू झेलण्याजोगा होता का, यांसारखे निर्णय पंचांच्या मतावर अवलंबून असतात. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी अटलांटा ब्रेव्हज आणि सेंट लुइस कार्डिनल्स यांच्या सामन्यात पंच सॅम होलब्रुक यांनी 'इनफील्ड फ्लाय' पुकारला. चेंडू जमिनीवर पडला, तरी फलंदाज बाद ठरला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. पण ब्रेव्हजचा निषेध फेटाळला गेला. कारण प्रश्न नियमाच्या अर्थाचा नव्हे, तर पंचांच्या मताचा होता.

आजची पद्धत

एकाच घटनेवर दोन पंचांनी वेगवेगळे निर्णय दिले, तर मुख्य पंच सर्वांशी सल्लामसलत करतात. घटना कोणाला अधिक चांगली दिसली आणि कोणता निर्णय बरोबर असण्याची शक्यता जास्त, हे पाहून एकच निर्णय कायम केला जातो. नियमावलीत ज्या बाबीचा उल्लेखच नाही, तिच्यावर निर्णय देण्याचा अधिकारही पंचांना आहे.

मेजर लीगमध्ये २०१४ पासून चित्रफितीच्या फेरतपासणीची व्याप्ती वाढली आणि २०२० पासून सामन्यानंतर निषेध नोंदवण्याची तरतूदच रद्द झाली. त्यामुळे रॉयल्सला मिळाला तसा न्याय आता काही दिवसांनी मागता येत नाही. नियमाचा पेच मैदानावर, त्याच वेळी सोडवण्याची पंचांची जबाबदारी त्यामुळे अधिकच वाढली आहे.