फी माफ, पण सेवा बाकी: बाँडवर सही करण्याआधी सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनी काय तपासावं

नीटचा निकाल लागला की घरात पहिली चर्चा फीची होते. बाँडची चर्चा शेवटी, तीही झाली तर. प्रवेशाच्या दिवशी कागदपत्रांची फाईल घेऊन रांगेत उभं असताना कुणीतरी सांगतं, स्टॅम्प पेपर आणा. मग धावपळ करून तो आणला जातो, विद्यार्थी सही करतो, पालक जामीनदार म्हणून सही करतात. पुढची साडेपाच वर्षं तो कागद कुणी उघडून बघत नाही. इंटर्नशिप संपते, मुलाला पदव्युत्तर प्रवेशासाठी मूळ प्रमाणपत्रं लागतात, आणि तेव्हा कळतं की आपण सरकारचं एक वर्षाचं काम देणं लागतो.

बेळगाव, निपाणी, खानापूर, बिदर, भालकी या पट्ट्यात गोंधळ आणखी वाढतो. घर एका राज्यात, कॉलेज दुसऱ्या राज्यात, शिष्यवृत्ती कुठून मिळणार ते माहीत नाही, आणि बाँड कुणाशी झालाय तेही नीट ठाऊक नाही. म्हणून शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या बदल्यात नेमकं कुठे काय करावं लागतं, ते इथे एकत्र देत आहोत.

साध्या शिष्यवृत्तीत काम नसतं

आधी एक भीती दूर करू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, फी प्रतिपूर्ती, आर्थिक दुर्बलांसाठीची फी सवलत अशा नेहमीच्या योजनांत शिक्षण झाल्यावर सरकारी नोकरी किंवा ग्रामीण सेवा करण्याची अट नसते. त्यांच्या अटी वेगळ्या असतात: उत्पन्नाची मर्यादा, हजेरी, वर्ष पास होणं, आणि एका वेळी एकच शिष्यवृत्ती. ही शेवटची अट बरेच जण विसरतात. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर योजनेत दुसरी शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन घेत असाल तर ही घेता येत नाही. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही वेगळा नियम आहे. स्वतःचं आणि पालकांचं मिळून उत्पन्न मर्यादेत असेल तर सक्तीच्या, परत न मिळणाऱ्या फीची भरपाई मिळू शकते, निर्वाह भत्ता नाही.

सीमाभागासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी आहे ते राज्य देतं. कॉलेज कुठल्या राज्यात आहे यावर ते ठरत नाही. बेळगावचा रहिवासी मुलगा कोल्हापुरात शिकत असेल तर त्याचा अर्ज कर्नाटकाच्या स्टेट स्कॉलरशिप पोर्टलवर जातो, महाडीबीटीवर नाही. जातीच्या दाखल्याचंही असंच आहे. एका राज्याच्या यादीत असलेली जमात दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्याने तिथल्या आरक्षणाला पात्र ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात 1990 साली स्पष्ट केलं. तो खटलाही मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशावरूनच उभा राहिला होता.

काम करून पैसे: कमवा आणि शिका

महाराष्ट्रात शिकता शिकता काम करण्याची परंपरा कुठल्या सरकारी जीआरमधून आली नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 1887 साली हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा, म्हणजे आपल्या सीमेच्या अगदी शेजारचा. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. वेगवेगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एकत्र जेवायची, शेतात राबायची, आपलं काम आपण करायची. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते याच विचारावर. फी नाही म्हणून शिक्षण थांबायला नको, घाम गाळून शिका, असा तो विचार.

आज पुणे विद्यापीठाच्या योजनेला कर्मवीरांचंच नाव आहे, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही कमवा आणि शिका चालतं. काम ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत, बागेत. दिवसाचे दोन-तीन तास, लेक्चर सांभाळून. पैसे तासावर मिळतात. बाँड नाही, पुढची सेवा नाही, काम सोडलं तर दंड नाही. केलेल्या कामाची ती मजुरी आहे. पण तो हक्कही नव्हे. जागा मोजक्या असतात आणि निवड कॉलेज करतं, त्यामुळे वर्ष सुरू झाल्या झाल्या अर्ज द्यावा. दिवाळीनंतर चौकशी करणाऱ्याला सहसा काही मिळत नाही.

अभियांत्रिकीत याच्या जवळ जाणारा प्रकार म्हणजे गेट उत्तीर्ण होऊन एम.टेक. करणाऱ्यांना एआयसीटीईकडून मिळणारे महिना 12,400 रुपये. त्याच्या बदल्यात आठवड्याला 8 ते 10 तास शिकवण्याचं किंवा लॅबचं काम विभागात करावं लागतं. त्या काळात दुसरीकडे पगार घेता येत नाही.

एनएसएसविषयी नेहमी विचारलं जातं, म्हणून सांगतो. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. त्याचं प्रमाणपत्र मिळतं, काही ठिकाणी वाढीव गुण मिळतात. पण ती शिष्यवृत्ती नाही, आणि एनएसएसचे तास भरले म्हणून बाँडची सेवाही कमी होत नाही.

खरा प्रश्न वैद्यकीय बाँडचा

सरकारी मेडिकल कॉलेजची फी आणि एक डॉक्टर तयार करायला होणारा खर्च यांत प्रचंड अंतर आहे. ते अंतर सरकार भरतं. त्या अर्थाने सरकारी जागा हीच मोठी शिष्यवृत्ती, आणि तिची परतफेड सेवेने करायची, असा बाँडमागचा हिशेब आहे. ही मदत अर्ज न करताच मिळालेली असते, म्हणून ती मदत आहे हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

महाराष्ट्रात सरकारी आणि महापालिकेच्या मेडिकल कॉलेजांतून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. ती केली नाही तर भरायची रक्कम बरीच वर्षं एमबीबीएससाठी 10 लाख, पदव्युत्तरसाठी 50 लाख आणि सुपर स्पेशालिटीसाठी 2 कोटी अशी ठेवलेली होती. आकडे आणि पैसे भरून सुटण्याची मुभा या दोन्ही गोष्टी सरकार बदलू शकतं, म्हणून आपल्या प्रवेशाच्या वर्षाची माहितीपुस्तिका जपून ठेवा. तुमच्या सहीखाली त्या वर्षीच्या अटी असतात. तुमच्यापेक्षा तीन वर्षं पुढच्या सीनियरच्या अटी तुमच्या नव्हेत.

कर्नाटकाची वाट वेगळी आहे. तिथे बाँडच्या जोडीला स्वतंत्र कायदा आहे. वैद्यकीय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांसाठी सक्तीच्या सेवा प्रशिक्षणाचा कायदा 2012 साली झाला आणि 2015 पासून लागू झाला. महाराष्ट्रात बोजा मुख्यतः सरकारी जागेवर आहे, कर्नाटकाच्या कायद्याने मात्र खाजगी जागाही कवेत घेतल्या. एमबीबीएसनंतर एक वर्ष ग्रामीण भागातली सेवा, आणि मोडली तर 15 ते 30 लाख रुपये दंड, अशी मूळ तरतूद. त्यातही कळीचा मुद्दा नोंदणीचा. सेवा होईपर्यंत तात्पुरती नोंदणी, मगच कायमची. म्हणजे पैसे वाचवण्यापुरता हा प्रश्न उरत नाही, डॉक्टर म्हणून नावाची पाटी लावता येणार की नाही इथपर्यंत तो जातो. पुढे 2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही सक्ती रिक्त जागांशी जोडली गेली. कारण उघड होतं: दरवर्षी बाहेर पडणारे डॉक्टर जास्त आणि त्यांना पाठवायला सरकारकडे जागा कमी. पोस्टिंगची वाट बघत घरी बसलेल्या पोरांचे महिनेच्या महिने वाया जायचे.

गुजरात आणि मध्य प्रदेशातही सरकारी मेडिकल कॉलेजांना बाँड आहे. बडोदा किंवा इंदूरच्या मराठी घरातल्या मुलाला आपल्या राज्यातच जागा मिळाली तरी तपासणी करावीच लागते. पुण्याच्या एएफएमसीचा प्रकार निराळा. तिथे शिक्षणाचा भार सैन्यदल उचलतं आणि पुढे सैन्याच्या वैद्यकीय सेवेत कमिशन घ्यावं लागतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने तर दंडाऐवजी वेगळी युक्ती काढली होती. आमच्याकडे पदव्युत्तर शिक्षण हवं असेल तर आधी खेड्यात सेवा करून या, अशी अट तिथे अनेक वर्षं होती. डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 मध्ये काढलेल्या त्या कॉलेजात पहिल्या वर्षापासून मुलांना गाव दत्तक दिलं जातं, त्यामुळे खेडं त्यांना शिक्षा वाटण्याची शक्यता कमी.

इंटर्नशिप आणि बाँड यांची गल्लत करू नका. बारा महिन्यांची इंटर्नशिप हा एमबीबीएसचाच भाग आहे. त्यातले काही आठवडे ग्रामीण केंद्रात काढले म्हणून बाँडचं वर्ष भरत नाही. बाँडच्या वर्षाला पगार मिळतो, हेही घरच्यांना सांगून ठेवा. ती फुकट सेवा नसते. बंधपत्रित वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमणूक होते, आणि एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो एकटाच एमबीबीएस डॉक्टर असू शकतो.

कोर्टात काय झालं

बाँड म्हणजे वेठबिगारी, असा युक्तिवाद झालेला आहे. काही राज्यांच्या पदव्युत्तर आणि सुपर स्पेशालिटी बाँडविरुद्ध डॉक्टरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. 19 ऑगस्ट 2019 रोजी न्यायालयाने बाँड वैध ठरवले. सरकारी खर्चाने शिकून लोकांची सेवा करण्याची अट मूलभूत हक्कांचा भंग करत नाही, असा निष्कर्ष निघाला. मात्र दर राज्यात वेगळे नियम असल्याने केंद्राने समान धोरणाचा विचार करावा, असंही न्यायालयाने सुचवलं. त्यामुळे 'कोर्टात टिकणार नाही हो' असं सांगणाऱ्या एजंटवर विसंबून सही करू नये.

आमचं मत विचाराल तर सेवेची अट योग्य आहे, पैसे भरून सुटण्याची सोय मात्र अन्यायाची. ज्याच्या घरी 10 लाख आहेत त्याच्यासाठी ती एका वर्षाची किंमत आहे. तो ती भरतो आणि थेट एम.डी.च्या तयारीला लागतो. ज्याच्या बापाने शेत गहाण टाकून क्लासची फी भरली, तो सेवाही करतो आणि त्या वर्षात अभ्यासातही मागे पडतो. दोघांनी सही एकाच कागदावर केलेली असते.

सीमाभागातल्यांनी काय बघावं

महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत 865 गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखीव असतात. सीईटी सेलच्या कागदांत त्यांना एमकेबी म्हणतात. या जागेवरून सरकारी मेडिकलला गेलात तर महाराष्ट्राचा बाँड तुम्हालाही लागू होईल, असं धरूनच चाला. घर खानापुरात आहे म्हणून सूट मिळत नाही, आणि खानापूरच्या सरकारी दवाखान्यात काढलेलं वर्ष महाराष्ट्राच्या बाँडमध्ये धरलं जाईल अशी आशाही ठेवू नका. बाँड ज्या सरकारशी, सेवाही त्याच सरकारच्या केंद्रात. उलट बाजूने, बेळगावच्या कॉलेजात शिकलेल्या चंदगडच्या मुलीचा हिशेब कर्नाटकाच्या कायद्याने होणार.

सही करण्याआधी माहितीपुस्तिकेत किंवा कॉलेजच्या कार्यालयात काही गोष्टी विचारून घ्या, आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या. सेवा इंटर्नशिपनंतर लगेच करायची की पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर केली तरी चालते? दुसऱ्या राज्यात पी.जी.ची जागा लागली तर ना हरकत दाखला कोण देणार आणि मूळ प्रमाणपत्रं कधी सुटणार? ठरावीक मुदतीत सरकारने पोस्टिंगच दिलं नाही तर बाँडमधून मोकळीक आहे का? बाळंतपण, आजारपण यासाठी सेवा पुढे ढकलता येते का? दंडावर व्याज लागतं का? जागा मध्येच सोडली तर होणारा दंड हा सेवेच्या बाँडपेक्षा वेगळा असतो, तो किती? आणि जामीनदार कोण, कारण वसुलीची नोटीस त्याच्याही दारात येऊ शकते. मामांनी भाच्यासाठी सही केली असेल तर मामींनाही ते माहीत असलेलं बरं.

शिष्यवृत्तीतून फी पूर्ण माफ झाली तरी बाँड माफ होत नाही. दोन्ही खाती वेगळी, कागद वेगळे. समाजकल्याण खात्यातल्या कारकुनाने 'तुम्हाला काही भरायचं नाही' असं सांगितलं तर तो फक्त फीबद्दल बोलतोय, हे समजून घ्या.

सही केलेल्या बाँडची झेरॉक्स त्याच दिवशी मागून घ्या. देत नसतील तर मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. सेवा पूर्ण झाली की तालुका किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडून रुजू झाल्याची आणि कार्यमुक्त झाल्याची तारीख असलेला दाखला घ्या, आणि तो कॉलेजला देऊन बाँडमुक्तीचं पत्र मिळवा. नुसत्या पगाराच्या पावत्यांवर मूळ प्रमाणपत्रं परत मिळत नाहीत.